मुरुमासाठी जमीन देताय? सहीच्या आधी स्वतःचा वकील गाठा

आम्ही शाळेत शिकवतो, मराठी आणि उर्दू दोन्ही वाचतो. त्यामुळे मुलांच्या वह्यांसोबत मोठ्यांचे कागदही आमच्याकडे येतात. सातबारा, फेरफार, बँकेची नोटीस, काहीही. असेच ओळखीचे एक चाचा पाचशेच्या स्टॅम्पवरचा करारनामा घेऊन आले. "सर, जरा पढ के बताओ, ठीक है ना?"

कागदावर त्यांची सही आधीच झालेली होती, नोटरीचा शिक्काही होता. एक एकर माळजमीन, रक्कम ठोक. पुढचं वाक्य असं होतं की, जमिनीतील गौण खनिज आवश्यकतेनुसार काढून नेण्यास लिहून देणार यांची हरकत नाही. किती खोल, किती ब्रास, किती दिवस, काहीच नाही. आणि परवाना काढायचा तो चाचांच्या नावावर! कागद आम्हाला वाचता आला, पण त्यावर काय करायचं हे सांगणं आमचं काम नव्हतं. ते वकिलाचं.

आपल्या जिल्ह्यात रस्त्याचं किंवा रेल्वेचं काम निघालं की मुरूम आणि खडीला मागणी येते. कोपरगाव तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, नगर-बीड-परळी रेल्वेचे भराव झाले. अशा वेळी पडीक माळाला अचानक गिऱ्हाईक मिळतं आणि माणूस घाईत सही करतो.

मुळात एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. अमेरिकेत जमिनीखालचं तेल, वायू अनेक ठिकाणी जमीनमालकाचं असतं आणि तो ते कंपनीला पट्ट्यानं देतो. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 48 नुसार खनिजावर हक्क सरकारचा. दगड-मुरुमाचा परवाना महसूल खातं देतं आणि त्याचं स्वामित्वधन, म्हणजे लोकांच्या भाषेत रॉयल्टी, सरकारकडे भरावी लागते. मग शेतकऱ्याच्या हातात काय राहतं? संमती. खोदायला, ये-जा करायला, जमीन अडकवून ठेवायला दिलेली संमती. सौदा होतो तो तिचाच.

विनापरवाना उत्खनन झालं, तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. तो भरला नाही, तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते आणि सातबाऱ्यावर बोजा चढतो. क्रशरवाला तोवर पुढच्या गावात गेलेला असतो. सातबारा मात्र कुठं जात नाही. म्हणून परवाना कोणाच्या नावावर आणि रॉयल्टी कोण भरणार, हे दोन मुद्दे आम्ही भावाच्याही आधी ठेवतो.

आता हिशेब. हा आम्ही वर्गातल्या फळ्यावरच मांडला होता. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. दहा फूट खोल खोदलं तर 4,35,600 घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे 4,356 ब्रास. 2021 मध्ये सरकारनं रॉयल्टी ब्रासला 400 वरून 600 रुपये केली. त्या दरानं नुसती रॉयल्टीच 26 लाख 13 हजार 600 रुपये होते! हा बोजा चाचांच्या नावावर येणार होता. ब्रासमागे फक्त पन्नास रुपये जास्त ठरवून घेतले, तरी 2 लाख 17 हजार 800 रुपयांचा फरक. कडेला उतार सोडावा लागतो, त्यामुळे आकडा थोडा कमी होईल. पण वकिलाची फी महाग की स्वस्त, हे या आकड्याशेजारी ठेवून बघावं.

चाचांचं म्हणणं, "वो बोला, वकील मेराच है, फीस भी मैं देता." इथंच माणूस फसतो. ज्याची फी, त्याचा वकील. समोरच्याच्या वकिलानं लिहिलेला कागद वाईटच असेल असं नाही, पण त्यात आपली बाजू कोण बघणार?

वकील निवडताना नातलगाचा फौजदारी वकील बरा असं समजू नये. महसूल आणि जमिनीची कामं करणारा हवा. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे दरपत्रक कुठं लावलेलं सापडणार नाही. दोघा-तिघांना भेटून विचारावं लागतं, आणि विचारण्यात शरम नाही. नुसता कागद तपासायचे किती, नवा मसुदा करायचे किती, समोरच्याशी बोलणी करायला बसायचे किती, हे वेगवेगळं विचारावं. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्च फीमध्ये धरलाय का, हेही. ठरलं ते लिहून घ्यावं, दिलेल्या पैशाची पावती घ्यावी.

चाचांना एका वकिलानं ब्रासमागे वाटा मागितला होता. खटल्याच्या निकालावर फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. कराराच्या कामातही ठोक फीच बरी, असं आमचं मत.

फीची ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं जावं. 1987 च्या कायद्यानुसार महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत मदत मिळते आणि त्यात सल्लाही येतो. फोन क्रमांक 15100. आपल्या घरांत सातबाऱ्यावर बहिणींची, अम्मीची नावं असतात, सही मात्र भाऊ करून मोकळा होतो. त्यांची संमती लागतेच, आणि सल्लाही त्यांना फुकट मिळतो.

जमीन मशिदीची किंवा दर्ग्याची असेल तर गोष्टच वेगळी. वक्फ जमिनीचा एका वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा बोर्डाच्या मंजुरीशिवाय चालत नाही. मुतवल्लीच्या एकट्याच्या सहीवर कोणी यंत्रं आणत असेल, तर जमातीनं आधी मंजुरीचा कागद मागावा. खासगी जमिनीतही एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडं नोंदवावा लागतो, नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

चाचांच्या सातबाऱ्यावर दोन बहिणींची नावं होती आणि दोघींनी सही केलेली नव्हती. नव्या वकिलानं तोच मुद्दा धरून क्रशरवाल्याला परत बोलणीला बसवलं. परवाना आणि रॉयल्टी त्याच्याकडे गेली, भाव ब्रासवर ठरला, खोली दहा फुटांवर थांबली. काम संपल्यावर वरची माती परत पसरून द्यायची, हेही लिहिलं. विहिरीपासून शंभर फूट सोडून खोदायचं हे कलम मात्र वकिलाला सुचलं नव्हतं. ते थोरल्या आपांनी घालायला लावलं, आणि मगच अंगठा दिला.