जुन्या कंदिलात नवा दिवा

कामठी तालुक्यात कोराडीचं औष्णिक वीज केंद्र आहे, तरी पावसाळी वादळात इथलीही वीज जातेच. कृषिपंपाची थ्री-फेज वीज रात्रीच्या पाळीत आली, की ओलितासाठी अंधारातच शेत गाठावं लागतं. अशा वेळी उपयोगी पडणारा सहा व्होल्टचा बॅटरीचा कंदील मात्र माळ्यावर पडून असतो. डबा मजबूत, मूठ शाबूत. तक्रार एवढीच की उजेड पिवळा पडतो आणि बॅटरी लवकर उतरते. तो भंगारात देऊ नका. दोष बहुधा बल्बचा असतो.

जुन्या बल्बमधली टंगस्टनची तार तापून उजेड देते, त्यामुळे बहुतेक वीज उष्णतेतच जाते. अशा कंदिलातला नेहमीचा बल्ब अर्धा अँपिअर प्रवाह ओढतो. एलईडीत तापवायला तार नसते. त्यातला निळा प्रकाश पिवळ्या फॉस्फरच्या थरातून बाहेर पडतो आणि डोळ्यांना पांढरा दिसतो. निळ्या एलईडीसाठीच आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक वॉटचा पांढरा एलईडी ॲल्युमिनियमच्या छोट्या चकतीवर बसवलेला मिळतो. त्याला साधारण तीन व्होल्ट लागतात. तो सहा व्होल्टला थेट जोडला तर क्षणात जळेल, कारण व्होल्टेज जरा वाढलं की त्याचा प्रवाह झपाट्याने चढतो. म्हणून मध्ये रेझिस्टर हवाच. उरलेले तीन व्होल्ट त्याने पेलायचे. २२ ओहमचा घेतला तर ३ भागिले २२, म्हणजे सुमारे १३५ मिलिअँपिअर. जुन्या बल्बच्या जवळपास पाव. साडेचार अँपिअर-अवरची बॅटरी जुन्या बल्बवर नऊ तास चालत असेल, तर हिशेबाने आता तीस तासांवर जाते. रेझिस्टरवर लाल-लाल-काळा पट्टे पाहून घ्या. तो एक वॉटचा असावा. पाव वॉटचा तापून करपेल.

बल्ब कसाही लावला तरी पेटायचा, एलईडीचं तसं नाही. बॅटरीचा प्लस रेझिस्टरमधून एलईडीच्या प्लसला, मायनस मायनसला. उलट जोडला तर उजेड पडत नाही. सोल्डर केलेल्या जोडांवर स्लीव्ह चढवा. मागची चकती धातूच्या पत्र्याला टेकलेली ठेवा, पण मधे उष्णता वाहून नेणारी, वीज अडवणारी पट्टी हवी. आणि एलईडी समोरच उजेड फेकतो, जुन्या वाटीसारख्या परावर्तकाला तो पुरेसा पोचत नाही. त्यामुळे दूरचा झोत कमी होतो. बांधावर साप-विंचू पाहायला किंवा खोलीत बसायला हा पसरलेला उजेडच बरा, असं माझं मत आहे.

सुरू करण्याआधी बॅटरी काढा आणि टोकांवरचा पांढरा थर पॉलिश पेपरने घासा. बॅटरी फुगलेली असेल तर ती वापरू नका. नवी घेताना जुनी त्याच दुकानात परत द्या. तिच्यात शिसं आणि आम्ल असतं, ती कचऱ्यात किंवा कन्हान नदीच्या पात्रात जाता कामा नये.