रक्ताची गुठळी : साऱ्या घराची तपासणी करावी काय?

मागील वर्षी आमची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सिझर झाले. दहाव्या दिवशी तिची डावी पोटरी सुजली, ठणकू लागली. वारा लागला असेल म्हणून आईने तेल चोळले. तिसऱ्या दिवशी दवाखाना गाठला, तेव्हा सोनोग्राफीत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली. रक्त पातळ करणारी औषधे वेळेवर मिळाली म्हणून बहीण वाचली.

पुढे एका लॅबच्या माणसाने सांगितले, "हा दोष रक्ताच्या नात्यात असतो. आईची, भावंडांची, सगळ्यांची जनुकांची तपासणी करून घ्या." खर्चाचा आकडा ऐकून आई गळ्यातली पोत मोडायला निघाली.

आम्ही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला : "अहवाल काहीही आला, तरी उपचार बदलेल काय?" ते म्हणाले, "नाही."

असे का? रक्त लवकर गोठण्याचा एक जन्मजात दोष 1994 साली नेदरलँड्समधील लायडन शहरात सापडला. त्याला 'फॅक्टर फाइव्ह लायडन' म्हणतात. युरोपीय वंशाच्या 100 लोकांत सुमारे 5 जणांत तो असतो; आपल्याकडे त्याहून बराच कमी. ज्यांच्यात तो असतो, त्यांतील 100 पैकी सुमारे 90 जणांना आयुष्यभर गुठळी होत नाही. उलट दोष नसलेल्यांनाही ती होते. म्हणजे दोष निघाला तर नाहक धास्ती, नाही निघाला तर खोटा दिलासा! अमेरिकेतील तज्ज्ञांच्या गटानेही 2011 साली अशी सरसकट तपासणी करू नये, असेच सांगितले.

बहिणीच्या गुठळीचे कारण तर समोरच होते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे रक्त अधिक गोठते. त्यात ऑपरेशन आणि अंथरुणावर पडून राहणे.

कारण नसताना तरुणपणी गुठळी झाली, पुन्हा पुन्हा झाली किंवा घरात अनेकांना झाली, तर तपासणीचा विचार जरूर व्हावा. पण तो डॉक्टरांनी करावा, लॅबने नव्हे.

याचा अर्थ रक्ताची प्रत्येक आनुवंशिक तपासणी वाया जाते, असा नाही. विदर्भातील आपल्या कुटुंबांनी लग्नाआधी सिकलसेलची तपासणी अवश्य करावी. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. तिथे अहवालामुळे निर्णय बदलतो.

गुठळीबाबत मात्र बिनपैशाची माहितीच मोलाची. एकच पाय सुजला, दुखला तर चोळू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. अचानक धाप लागली, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त आले, तर घटकाभरही थांबू नका. ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तेव्हा उठून चाला. घरात कुणाला गुठळी झाली असेल, तर ऑपरेशन, गरोदरपण किंवा गर्भनिरोधक गोळ्या यांआधी डॉक्टरांना सांगा.

आईची पोत गळ्यातच राहिली. आम्ही बहिणीच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले : 'बाळंतपणानंतर पायात गुठळी झाली होती.' पुढच्या खेपेस पहिल्याच तपासणीला डॉक्टरांना तेवढे दाखवायचे आहे.