स्मृतीचे स्थलांतर

आगगाडीचे आरक्षण, बँकेतील व्यवहार, परीक्षेचा निकाल अशा कितीतरी कामांसाठी आजचा नागरिक संकेतस्थळाकडे वळतो. मागितलेले पान क्षणार्धात समोर येते. या तत्परतेचे श्रेय बऱ्याच अंशी ‘कॅश’ नावाच्या व्यवस्थेकडे जाते.

तिचे स्वरूप कचेरीच्या दाखल्याने सहज ध्यानात येईल. दप्तरखान्यात सर्व कागद सुरक्षित असतात. परंतु प्रत्येक वेळी तेथवर जाण्यात वेळ मोडतो. म्हणून जाणता कारकून वरचेवर लागणाऱ्या फायली मेजावरच ठेवतो. डेटाबेस हा संकेतस्थळाचा दप्तरखाना, आणि कॅश हे त्याचे मेज होय. मोठ्या व मंद स्मृतीपुढे छोटी व वेगवान स्मृती ठेवावी, ही कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली एका निबंधात मांडली. पुढे २००३ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी ‘लाइव्हजर्नल’ या संकेतस्थळासाठी ‘मेमकॅश्ड’ ही प्रणाली रचली आणि अनेक यंत्रांची स्मृती या कामी एकत्र जुंपली.

ही यंत्रे कालांतराने जुनी होतात व त्यांच्या जागी नवी आणावी लागतात. खरी अडचण येथेच उभी राहते. मेमकॅश्डमधील माहिती सामान्यतः यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. यंत्र बंद पडताच ती पुसली जाते. मूळ प्रत डेटाबेसमध्ये असल्याने काहीच नष्ट होत नाही, हे खरे. पण नवे यंत्र कोऱ्या पाटीसारखे असते.

समजा, शंभरांतील पंचाण्णव मागण्या कॅशमधून भागतात व केवळ पाच डेटाबेसकडे जातात. सगळी यंत्रे एकदम बदलली, तर शंभरही मागण्या तिकडे वळतील. म्हणजे भार वीसपट होईल. दहांपैकी एकच यंत्र बदलले, तरी पाचाच्या जागी साडेचौदा मागण्या, म्हणजे जवळजवळ तिप्पट भार डेटाबेसवर पडेल. पाचांसाठी बांधलेला पूल वीसपट गर्दीने खचला, तर त्यात नवल ते काय?

दुसरा धोका वाटणीच्या रीतीत आहे. कोणती माहिती कोणत्या यंत्रात आहे, हे साध्या पद्धतीत यंत्रांच्या संख्येने भागाकार करून, उरलेल्या बाकीवरून ठरते. दहा यंत्रांची अकरा केली, की भाजक बदलतो आणि अकरांपैकी सुमारे दहा हिस्से माहितीचा पत्ताच चुकतो. यावर एमआयटीमधील डेव्हिड कार्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली उपाय सुचविला. यंत्रे व माहिती एका कल्पित वर्तुळावर मांडल्यास, नवे यंत्र आल्यावर सुमारे अकरावा हिस्साच जागा बदलतो.

फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ साली आणखी एक युक्ती प्रसिद्ध केली. नव्या यंत्रसमूहात माहिती सापडली नाही, तर डेटाबेसला त्रास न देता ती जुन्या, भरलेल्या समूहाकडून आणावी. त्यामुळे काही दिवसांचे काम काही तासांत होऊ लागले. यात जुन्या समूहाकडून शिळी माहिती येण्याची भीती असते. म्हणून एखादी नोंद रद्द झाल्यावर दोन सेकंद ती पुन्हा नव्या समूहात भरू दिली जात नसे.

अशी सावधगिरी अनाठायी नव्हे. २३ सप्टेंबर २०१० रोजी याच संस्थेचे संकेतस्थळ सुमारे अडीच तास बंद पडले होते. निमित्त स्थलांतराचे नव्हते. एक सदोष मूल्य दुरुस्त करण्यासाठी कॅशमधील नोंद पुनःपुन्हा पुसली जाऊ लागली आणि डेटाबेसवर मागण्यांचा लोंढा कोसळला. अखेर सर्व वाहतूक थांबविल्यावरच तो सावरला.

म्हणून स्थलांतराची वेळ वर्दळ कमी असताना निवडावी, यंत्रे एकेक करून बदलावी, कॅशमधून किती मागण्या भागतात याचे प्रमाण पूर्ववत झाल्याखेरीज पुढील यंत्रास हात लावू नये, आणि नवे भरेपर्यंत जुने मोडू नये. निकालाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला यातले काहीच दिसणार नाही. त्याला निकाल वेळेवर दिसला, की स्थलांतर यशस्वी झाले असे समजावे.