माळ्यावरची हवा, लाकूड आणि कागद

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातील शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दाखल झाले. रजिस्टरातील 1914 क्रमांकाची ती नोंद आजही वाचता येते, कारण तो कागद जपला गेला. आपल्या घरांतही जपण्याजोगे कागद आहेत. अनुसूचित जातीच्या दाव्याच्या पडताळणीत 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या पुराव्याला महत्त्व असते. आजोबांचा असा दाखला पुष्कळदा माळ्यावरच्या लाकडी पेटीत पडून असतो. वाळवीला लाकूड आणि कागद सारखेच; दोहोंतील सेल्युलोज हेच तिचे अन्न.

लाकडातील ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, लाकूड मऊ पडते आणि किडीचे फावते. जावळी-पाटणचा पाऊस असो वा सांगलीतील 2019 व 2021 चे महापूर, भिंतींतील ओल घरातील हवेत उतरते आणि उबेबरोबर माळ्यावर चढते. पूर्वी कौलांच्या फटींतून ती निघून जाई. चुलीच्या उष्णतेने वासेही कोरडे राहत. त्या धुराने आपल्या आयाबहिणींची छाती पोखरली, म्हणून चूल गेली ते योग्यच झाले. परंतु कौलांच्या जागी पत्रा आला, फटी बुजल्या आणि रात्री गार पत्र्याखाली साचलेले दव तुळयांवर ठिबकू लागले.

उपाय सोपा आहे. माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतकी वाट हवेला द्यावी. 300 चौरस फुटांच्या माळ्यास 2 चौरस फूट पुरतात: निम्मी वळचणीपाशी, निम्मी आढ्याजवळ. गार हवा खालून शिरते, दमट हवा वरून निघते. झरोक्यांना बारीक जाळी व पावसाची झड अडवणारी तिरकी पट्टी लावावी. स्वयंपाकघर व न्हाणीघराची वाफ माळ्यावर न सोडता थेट बाहेर काढावी.

मात्र जमिनीतील वाळवी मातीच्या नळ्या बांधून भिंतीवरून चढते. तिला केवळ वारा अडवत नाही. तिच्यासाठी पायाशी औषध टोचून घ्यावे लागते. म्हणून पावसाळ्यापूर्वी व दिवाळीत माळ्यावर चढून पाहावे. मातीची रेघ, पिठासारखा भुसा किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आढळल्यास जाणत्या माणसास बोलवावे. जुने दाखले मात्र त्याच दिवशी खाली आणून, प्रती काढून, कोरड्या लोखंडी कपाटात ठेवावेत.