परक्या किडनीतली गाठ

आईची किडनी मुलाला बसवली आणि काही वर्षांनी त्याच किडनीत कर्करोग निघाला, तर तो कोणाचा? गाठ मुलाच्या पोटात वाढलेली, पण पेशी आईच्या असू शकतात; तपासल्यावर त्यांत दोन एक्स गुणसूत्रं सापडतात. असे रुग्ण विरळाच. त्यांतल्या काहींच्या गाठीत मात्र बीके नावाचा विषाणू आढळतो.

१९७१ साली लंडनमध्ये सिल्व्हिया गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो किडनी प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत सापडला. आपल्यापैकी बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो आणि किडनीत, मूत्रमार्गात निमूट पडून राहतो. प्रत्यारोपणानंतर शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट अशी औषधं रोज घ्यावी लागतात. प्रतिकारशक्ती दबते आणि बीके डोकं वर काढतो. एरवी तो पेशी फोडून बाहेर पडतो. किडनी खराब होते, क्रिएटिनिन चढतं.

कर्करोगाची वाट वेगळी. त्यात विषाणूचा डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएमध्येच अडकून बसतो. नवे विषाणू बाहेर पडत नाहीत, त्यामुळे पेशी मरत नाही. विषाणूचं 'लार्ज टी' हे प्रथिन मात्र तयार होतच राहतं. पेशींच्या बेसुमार वाढीला आवर घालणारी पी५३ आणि आरबी ही प्रथिनं ते निकामी करतं.

अशा वेळी बहुधा ती किडनी काढून टाकतात आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबवतात. मग ज्या रिजेक्शनच्या धास्तीत घर इतकी वर्षं जगलं, तेच मदतीला येतं. जागी झालेली प्रतिकारशक्ती दात्याच्या पेशींना परकं म्हणून ओळखते आणि त्यांच्यावर तुटून पडते. शरीरात पसरलेल्या गाठीही अशा रीतीने विरल्याच्या नोंदी आहेत. बदल्यात डायलिसिस पुन्हा नशिबी येतं. आईने दिलेली किडनी गेल्याचं दुःख तर कुठल्याच रिपोर्टात उतरत नाही.

बीकेवर खात्रीचं औषध अजून नाही. म्हणून प्रत्यारोपणानंतरच्या सुरुवातीच्या काळात रक्तातला बीके दर महिन्याला पीसीआरने मोजायचा असतो. तब्येत ठणठणीत असली, खर्च जड वाटला, तरी ही तपासणी टाळू नये असं मला कळकळीने वाटतं. विषाणू वाढला तर डॉक्टर औषधांचा डोस बेताने उतरवतात. स्वतःच्या मनाने गोळ्या कमी करणं घातक. त्याने किडनीच हातची जाईल.

हा कर्करोग प्रत्यारोपणानंतर कित्येक वर्षांनीही उद्भवतो. त्यामुळे बीके पूर्वी कधी सापडला असेल आणि लघवीत रक्त दिसलं, तर लगेच डॉक्टरांना गाठावं आणि तो जुना रिपोर्टही दाखवावा. बीकेने फुगलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशींसारख्याच दिसतात. त्यामुळे केवळ लघवीच्या तपासणीवर निदान ठरत नाही. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सीही करावी लागते.