गरोदरपण आणि विडी-कामगार स्त्रीची बैठक

नागपूरजवळील कामठीत आणि भंडारा-गोंदिया भागात स्त्रिया पूर्वापार जमिनीवर मांडी घालून, सूप मांडीवर घेऊन विड्या वळीत आल्या आहेत. गर्भ वाढू लागला की शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो, अस्थिबंध शिथिल होतात. पोटामुळे सूप दूर जाते. ओणव्या धडाचा भार कमरेवर पडतो आणि दुमडलेल्या पायांवर सूज येते.

१९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमाने दीर्घकाळ उभे राहण्याच्या कामाचा विचार केला. दीर्घकाळ बसण्याचा उल्लेख त्यात नव्हता. पाठ भिंतीस टेकणे, पाय लांबविणे, अर्ध्या तासाने उठून चालणे हे उपाय सोपे खरे. परंतु मजुरी हजार विड्यांवर ठरत असल्याने प्रत्येक विसावा तिच्याच कमाईतून वजा होतो. म्हणून बैठकीचा प्रश्न मजुरीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.