आगीला चढ सोपा, माणसाला अवघड



होळी जवळ आली की डोंगरावरचं गवत वाळून खडखडीत होतं. खाली आपल्या रानात तुटलेल्या उसाचं पाचट पसरलेलं असतं. अशात कोणी बांध पेटवतो, कोणी विडीचं थोटूक टाकतो आणि वणवा लागतो. आग लावतो माणूस; पण ती पळणार कुठं आणि किती, हे वारा, हवेतला ओलावा आणि जमिनीचा उतार ठरवतात.

सपाटीवर ज्वाळा सरळ वर जाते. चढावर ती पुढच्या गवताकडे झुकते, त्याला आधीच तापवून सुकवते. त्यामुळे चढ साधारण दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. अरुंद घळ तर धुराड्यासारखी ओढ घेते. दुपारी हवा सर्वांत कोरडी आणि तापलेल्या उतारावरून वारा वर चढतो. रात्री तोच वारा खाली उतरतो. म्हणून दुपारी माथ्याकडे गेलेली आग रात्री पायथ्याच्या उसाकडे वळू शकते. जोराचा वारा असला तर ठिणग्या ओढा आणि रस्ताही ओलांडतात.

याचा दाखला अमेरिकेतला आहे. ५ ऑगस्ट १९४९ रोजी माँटाना राज्यातल्या मॅन गल्च या घळीत आग विझवायला १५ जवान हवाई छत्रीने उतरले. जंगलखात्याचा एक रखवालदार त्यांना मिळाला. आग समोरच्या उतारावर होती, म्हणून ते नदीकडे खाली निघाले. वाऱ्याने आग घळ ओलांडून त्यांच्याच बाजूला आली आणि वाळल्या गवतातून वर धावली. जवान माघारी फिरून चढावर पळू लागले. तो चढ असा, की काही ठिकाणी शंभर फूट पुढे गेलं तर पाऊणशे फूट वर चढावं लागे. मुकादम वॅग्नर डॉज यांनी समोरचं गवत स्वतःच पेटवलं, त्या राखेत पालथे पडले आणि इतरांना हाक दिली. कोणी आलं नाही. डॉज वाचले, दोघे कड्याच्या फटीतून पलीकडे निसटले. १३ जण गेले. ती तरणीताठी, कसलेली माणसं होती.

डॉज वाचले, कारण जळून गेलेल्या जागेत आगीला खायला काही उरत नाही. आपण मात्र आग लावून बघायची नाही. एवढंच ध्यानात ठेवायचं, की आगीच्या वरच्या अंगाला आणि वाऱ्याच्या तोंडाला थांबू नये. बाजूने निघून नांगरटीत किंवा जळून विझलेल्या रानात जावं. पेटलेल्या फडात उसासाठी कोणी शिरू नये.

पाचट पेटवू नका. सरीत कुजवा, ओल टिकते, खत मिळतं. डोंगरालगतच्या सभासदांनी बांधाकडेचा पट्टा उन्हाळ्याआधी साफ करावा. लोंबत्या विजेच्या तारांची तक्रार वेळीच द्यावी. आणि ऊस जळालाच तर त्याच दिवशी चिटबॉयला कळवा, कारण जळित उसाचं वजन आणि साखर दिवसागणिक घटते.

ऊस पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहील. घरातलं माणूस गेलं तर ते परत येत नाही.